तांब्याच्या हंड्यात पोटॅशियम

फार फार पूर्वी, माणसं अणूएवढीच असत आणि अणूच माणसांसारखे भांडत, तेव्हा मूलद्रव्यांचं एक नगर होतं. नगर मोठं आखीव. आडव्या आळ्या आणि उभे बोळ. प्रत्येक घराण्याला एक घर, आणि प्रत्येक घराला क्रमांक. ज्या घराचा जो क्रमांक, तेवढे प्रोटॉन त्या घरातल्या प्रत्येकाच्या पोटात, केंद्रकात बसलेले असत, आणि तेवढेच इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती कक्षांमधून गरगरत असत. प्रोटॉन आत ओढायचे, इलेक्ट्रॉन बाहेर भिरभिरायचे. एवढाच काय तो देह.

त्या देहाला कडा मात्र नव्हती. धुक्यातल्या दिव्यासारखा तो बाहेरच्या बाजूला विरळ होत जायचा. कुणाचं अंग नेमकं कुठे संपतं, हे नुसतं बघून कुणालाच कळत नसे.

बघून कळत नाही, म्हणून नगरातल्या वडीलधाऱ्यांनी एक नियम करून ठेवला होता. ज्याचा क्रमांक मोठा, तो देहाने मोठा. इलेक्ट्रॉन जास्त, तर जागा जास्त. लग्नाची पंगत असो की सभेची बैठक, याच नियमाने पाट मांडले जायचे.

हा नियम सगळाच खोटा असता तर एक वेळ परवडलं असतं. पण तो अर्धा खरा होता, आणि डोकेदुखी तीच होती. नगरातली नाती उभ्या बोळातली. वर लिथियम, त्याच्या खालच्या आळीत सोडियम, त्याच्याही खाली पोटॅशियम. सगळ्यांचा स्वभाव एक, म्हणून सगळे भाऊबंद. बोळातून एकेक आळी खाली उतरलं की प्रत्येकाला बाहेरून एक नवी कक्षा चढते आणि देह वाढतो. वडीलधारे जन्मभर आपापल्या बोळात वरखाली करत राहिले आणि त्यांना वाटलं, जग असंच असतं. आळीत आडवं चालून शेजारचं घर कुणी पाहिलंच नव्हतं. शेजाऱ्याशी नातं नाही, मग पाहायचं कशाला?

चौथ्या आळीत अठ्ठाविसाव्या घरात निकेलची एक पोर राहत होती. सगळे तिला निकू म्हणत. ती शाळेत शिकून आली होती, आणि शिकलेलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. ती आळीत आडवी चालली. घरोघर गेली. हातात एक दोरी घेऊन. एकाच घराण्यातल्या दोघांना हातात हात घालून उभं करायचं, एकाच्या केंद्रकापासून दुसऱ्याच्या केंद्रकापर्यंत दोरी ताणायची आणि ती दुमडून अर्धी करायची. तेवढी कापून घेतली की ते त्या घराण्याचं माप. इतकं सोपं होतं ते. इतक्या वर्षांत कुणालाही सुचलं नव्हतं.

नगराच्या टोकाला पाण्याचा हंडा होता. तो तांबे घराण्याचा. एकोणतिसाव्या घरातले सगळे तांबे हातात हात घालून रांगांवर रांगा करून उभे राहत आणि त्यांच्या अंगांचीच हंड्याची भिंत होई. नगराचं सगळं पाणी त्या भिंतीच्या आत.

एक दिवस हंडा चिंचेने घासायला काढला, तेव्हा घासता घासता एक तांबे चिंचेच्या आंबटपणाला भुलला आणि तिच्याबरोबर निघून गेला तो गेलाच. भिंतीत एक जागा रिकामी पडली. तिच्या दोन्ही बाजूंचे तांबे हात ताणून, कसंबसं पाणी अडवत उभे होते. निकूच्या शेजारचे तांबेमामा त्यातलेच एक.

"लवकर कुणाला तरी पाठवा," मामांनी निरोप धाडला. "खांदे निखळायला आलेत."

सभा भरली. मधोमध शिसेआजोबा बसले. क्रमांक ब्याऐंशी, वजन भलतंच, आणि एकदा बसले की उठवणं कठीण. त्यांच्या उजव्या हाताला सोनेआत्या. त्यांच्यावर कशाचाच काही परिणाम होत नसे, आणि याचाच त्यांना अभिमान होता. डाव्या हाताला पारेकाका, ते एका जागी ठरत नसत.

"पोट्याला पाठवा," शिसेआजोबा म्हणाले.

पोट्या म्हणजे निकूच्याच आळीतल्या पहिल्या घरातला पोटॅशियम. स्वभावाने लोण्यासारखा मऊ. पाण्याचा थेंब जरी लागला तरी तो पेटायचा, म्हणून त्याचं सगळं घराणं रॉकेलच्या बरणीत बुडून राहायचं.

"त्याचा क्रमांक एकोणीस," आजोबा सांगू लागले. "तांब्यांचा एकोणतीस. दहा इलेक्ट्रॉन कमी. सुळकन आत जाईल आणि वर कूस बदलायला जागा उरेल."

"आजोबा, तो मावायचा नाही," निकू उभी राहून म्हणाली.

"का बरं?"

"कारण तो तांबेमामांपेक्षा मोठा आहे. थोडाथोडका नाही, पुष्कळ मोठा."

सभा खो खो हसली. सोनेआत्यांनी पदराने तोंड झाकलं. "अगं, एकोणीस मोठे की एकोणतीस? तुझ्या शाळेत उजळणी शिकवत नाहीत का?"

निकूने दात आवळले. "आत्या, आपल्या आळीत सगळ्यांना कक्षा चारच. पोट्याला चार, मला चार, तांबेमामांना चार. पहिल्या घराकडून उजवीकडे चालत निघालं, की दर घरागणिक केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो. कक्षा तेवढ्याच आणि ओढणारे जास्त. मग अंग आत खेचलं जाईल की बाहेर फुगेल?"

"पण इलेक्ट्रॉनही वाढतात की," पारेकाका म्हणाले.

"वाढतात ना. पण ते एकमेकांना त्या ओढीपासून पुरते झाकू शकत नाहीत. पोट्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्या कक्षेत एकटाच लांब भटकतो आणि त्याला आवरायला केंद्रकात जोर नाही. म्हणून तो आळीत सगळ्यांत मोठा. मधल्या घरांत मापं थोडी मागेपुढे होतात, पण त्या पहिल्या घराच्या जवळपासही कुणी जात नाही. मी मोजलंय."

"पोरीचं बरोबर वाटतंय," पारेकाका म्हणाले. मग शिसेआजोबांकडे बघून म्हणाले, "आणि आजोबांचंही बरोबर आहे."

"दोघांचं बरोबर कसं असेल, काका?"

"असतं. मोठी झालीस की कळेल."

"हे बघ," शिसेआजोबा म्हणाले, "माझ्या बोळात माझ्यावर कथिल राहतो, त्याच्यावर आणखी कोण कोण. वरून खाली एकेक जण मोठा होत आलाय, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तू मला शिकवतेस?"

"तुमच्या बोळात ते खरंच आहे, आजोबा! मी कुठे नाही म्हणते? पण पोट्या आणि तांबेमामा एका बोळात नाहीत, एका आळीत आहेत. आणि बोळातसुद्धा नेहमीच तसं होत नाही. आता आत्याच बघा. चांदीआत्या यांच्या वरच्या आळीतल्या, यांना त्यांच्यापेक्षा कक्षा एक जास्त. पण यांच्या आळीत वाटेत इतकी जास्तीची घरं आहेत, की यांच्यापर्यंत येईतो केंद्रक भलतंच बळकट झालंय. दोघींची मापं जवळजवळ सारखी भरतात."

हे बोलायला नको होतं. सोनेआत्यांवर कधी कशाचा परिणाम होत नसे, पण याचा झाला.

"मी आणि चांदी? एका मापाच्या?" त्या कडाडल्या. "ती काळी पडणारी बाई आणि मी? या कार्टीला आधी बाहेर काढा!"

"आत्या, मी रंगाबद्दल बोलत नाहीये, मी..."

"दोरीने माणसं मोजत हिंडते," आजोबा म्हणाले. "दोरी काय तिरडी बांधायला आणलीय?"

पुन्हा हशा. निकूला वाटलं, समोरच्या खांबावर डोकं आपटून घ्यावं. निदान खांब तरी नीट ऐकून घेईल.

"बरं, नका मोजू," ती म्हणाली. "मी जाते त्या जागेत. मी मामांची सख्खी शेजारीण, मापाने त्यांच्याएवढीच."

"तू अठ्ठावीस. जेमतेम एक कमी. अडकलीस तर उपसायचं कुणी? आणि असल्या तोंडाची भिंतीत उभी केली तर हंड्याचं पाणी कडू होईल. बस खाली."

निकू खाली बसली नाही. ती तडक पहिल्या घरी गेली.

रॉकेलच्या बरणीत पोट्या आणि त्याचा थोरला भाऊ शेजारी शेजारी तरंगत होते. निरोप आधीच पोचला होता. पोट्या खुशीत होता.

"निकू, ऐकलंस का? मला हंड्यात उभं करणार आहेत. आजवर मला कुणी कशात घेतलं नव्हतं गं."

"पोट्या, तू तिथे मावणार नाहीस."

त्याचा चेहरा उतरला. "तूही तेच म्हण. घरीदारी तेच ऐकतोय. एवढासा आहेस पण पसरतोस किती म्हणून. पंगतीत एकोणिसाच्या पाटावर बसवतात आणि मग दोन्हीकडून कोपरं मारतात. अंग चोरून बस, अंग चोरून बस. मी चोरतो गं. जमेल तेवढं चोरतो."

निकूला भडभडून आलं. तिने दोघा भावांना हातात हात घालून उभं केलं आणि केंद्रकापासून केंद्रकापर्यंत दोरी ताणली. दुमडून अर्धी केली. मग तांबेमामांच्या घरी घेतलेलं माप तिच्याशेजारी ठेवलं. तांब्यांची दोरी पोट्याच्या दोरीच्या निम्म्याच्या जरा पुढे जाऊन संपली.

पोट्याने दोन्ही दोऱ्या चाचपून पाहिल्या.

"म्हणजे मी मुद्दाम पसरत नव्हतो?"

"नव्हतास रे. तू आहेसच तेवढा. पाट लहान होता."

थोरल्या भावाने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. त्यालाही त्याच पाटावर बसवत असत.

"आता त्यांना सरळ नाही म्हणून सांग," निकू म्हणाली.

"मी? आजोबांना?"

"हो, तू. पाणी लागलं तर तुझं काय होईल, माहीत आहे ना?"

"आजोबा म्हणाले, पाणी लागणारच नाही. मी बारीक, म्हणून दोन तांब्यांच्या मधे आत दडून राहीन. पाणी त्यांच्या अंगाला लागेल, माझ्या नाही."

"पण तू बारीक नाहीस! आत्ताच पाहिलंस ना?"

"पाहिलं." पोट्या घुटमळला. "पण मी नाही म्हटलं तर म्हणतील, एक काम सांगितलं तर पळाला. तूच उद्या दोरी दाखव ना त्यांना. दाखवलीस की ऐकतील. शेवटी थोर माणसं आहेत ती."

निकूने कपाळावर हात मारून घेतला. समोरचे ऐकत नाहीत याचा संताप निराळा, आणि ज्याच्यासाठी भांडायचं तोच त्यांची बाजू घेतो याचा संताप निराळा. तिला एकाच दिवशी दोन्ही भोगावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं नगर हंड्याशी जमलं. पोट्याला अंगावरून रॉकेल निथळत आणलं. मागोमाग भाऊ आला. निकू वाटेत आडवी उभी राहिली आणि तिने दोन्ही दोऱ्या शिसेआजोबांसमोर धरल्या.

"ही तांब्यांची. ही पोट्याची. फक्त बघा. एकदाच बघा, आजोबा. मी पाया पडते."

आजोबांनी दोऱ्यांकडे नजरही टाकली नाही. "दोरी सैल धरली की हवी तेवढी भरते."

"मग तुम्ही धरा!"

"मी? या वयात? पोरखेळ करू?"

"काका, तुम्ही तरी धरा."

"धरली असती," पारेकाका म्हणाले आणि घरंगळत आत्यांच्या पलीकडे गेले.

"मुहूर्त टळतोय," सोनेआत्या म्हणाल्या. "ढकला त्याला."

पोट्याने एकदा निकूकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे, आणि भिंतीतल्या रिकाम्या जागेत पाऊल टाकलं. पाऊल गेलं, अंग जाईना. तांबेमामांनी त्याचा एक हात धरला, पलीकडच्याने दुसरा. मागून चारसहा जणांनी रेटा दिला.

"अंग चोर!" आजोबा ओरडले.

"चोरतोय, आजोबा."

"आणखी चोर! एकोणिसाचा तर आहेस!"

पोट्याने आणखी अंग आखडलं. भिंत कण्हली. मामांच्या मागची रांग बाहेरच्या बाजूला फुगली, तिच्या मागची वाकली. "मावत नाहीये!" मामा ओरडले. "माझ्या बरगड्यांत शिरतोय हा! थांबवा!" पण मागचे रेटतच राहिले. पोट्याचं अंग ना इकडे दडलं, ना तिकडे. ते भिंतीच्या आतल्या अंगाला बाहेर आलं, थेट पाण्याच्या तोंडाशी.

आणि पाणी लागलं.

चर्र झालं. त्याचा तो लांब भटकणारा एकुलता इलेक्ट्रॉन पाण्याने हिसकावून घेतला, आणि जांभळी ज्योत एवढ्या जोरात उफाळली की सगळं नगर चार पावलं मागे सरलं. मामांचे हात सुटले. जागा पुन्हा रिकामी झाली आणि तिच्यातून पाण्याची धार लागली.

कुणी हलेना. वडीलधारे एकमेकांकडे बघत राहिले. निकूने दोऱ्या टाकून दिल्या, परवानगी न मागता धारेच्या विरुद्ध त्या जागेत शिरली, एक हात मामांच्या हातात दिला, दुसरा पलीकडच्याच्या. भिंतीने एकदा श्वास घेतला. फुगलेली रांग मागे सरली, वाकलेली सरळ झाली. तिच्या दोन्ही खांद्यांना तांब्यांचे खांदे असे टेकले, जणू ती जन्मापासून तिथेच उभी होती. धार थांबली.

मग तिला पाठीमागून, पाण्यातून हाक ऐकू आली. आवाज ओळखीचा होता, पण केवढासा.

"निकू. मी आहे. शेवटचा इलेक्ट्रॉन गेला गं. ती सगळी कक्षाच गेली. आता मी बारीक झालोय. आता मला कुठेही मावता येईल."

"परत ये, पोट्या. तुझा भाऊ इथे उभा आहे."

"आता नाही येता यायचं," आवाज म्हणाला, आणि पाण्याबरोबर दूर गेला.

थोरला भाऊ जमिनीवर बसला. शिसेआजोबा घसा खाकरून म्हणाले, "ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने म्हणाला, बारीक आहे म्हणून. मी काय सांगत होतो?"

निकूचे दोन्ही हात अडकलेले होते. तिला कान झाकता येईनात की तोंड वळवता येईना. तिला ते सगळं ऐकावं लागलं.

"त्याच्या मनातच नव्हतं," सोनेआत्या म्हणाल्या. "अंग चोरायचं म्हटलं की जमतं सगळ्यांना."

"आणि ही पोरगी परवानगीशिवाय शिरलीय," आजोबा म्हणाले. "सभेने ठरवलं ते ठरवलं. हिला बाहेर काढा आणि तो दुसरा आहे ना, थोरला, त्याला उभा करा. तोही एकोणीसच."

दोघे जण थोरल्या भावाला उठवायला निघाले. तो उठलाही. मान खाली घालून चार पावलं चाललाही.

"थांब," तांबेमामा म्हणाले.

मामा तसे कमी बोलणारे. भिंतीत उभं राहणाऱ्याला बोलायची सवय नसते. "आजोबा, तुम्ही तिकडे बसून ठरवता. इथे शेजारी आम्ही उभे राहतो. आमच्या बरगड्यांना कळतं कोण केवढा आहे ते. या पोराला मी हात देणार नाही."

"सभेचा हुकूम आहे!"

"असू दे. मी हात देणार नाही."

"मीही नाही," पलीकडचा तांबे म्हणाला.

"मी नाही," मागचा म्हणाला. मग त्याच्या मागचा. एकेक रांग बोलत गेली आणि आवाज हंडाभर घुमला. भिंतीत उभं राहायचं तर शेजाऱ्याने हात द्यावा लागतो. तो कुणीच देणार नव्हतं. सभेच्या हुकमाला धरायला जागाच उरली नाही.

"आजकालची पोरं!" शिसेआजोबा पुटपुटले. तांबेमामा त्यांच्याहून फारसे लहान नव्हते, पण ते असो. आजोबांना चौघांनी धरून उठवलं, आत्या तरातरा निघाल्या, आणि पारेकाका जाता जाता मामांच्या कानात सांगून गेले की मनातून आपण पहिल्यापासून त्यांच्याच बाजूचे होतो.

थोरला भाऊ एकटाच उरला. त्याच्या अंगावरचं रॉकेल वाळत चाललं होतं.

"घरी जा, दादा," निकू भिंतीतून म्हणाली. "लवकर जा. आणि यापुढे कुणी अंग चोर म्हणालं, तर चोरू नकोस."

तो गेला. अंग न आखडता, रस्त्याच्या मधून, जेवढा होता तेवढा होऊन गेला.

तात्पर्य काय, तर नियम कितीही जुना असला तरी तो जिथे पाहिला तिथलाच असतो; तो दुसऱ्यावर लादण्याआधी मोजून पाहावं, कारण न मोजणाऱ्याच्या चुकीची किंमत तो स्वतः कधीच भरत नाही, भरतो तो ज्याला त्याने ढकललं तो.